मोडक्या खेळण्याला कारागीर हवा

मे महिन्यातल्या शिबिरांच्या पत्रकांत हल्ली एक ओळ हमखास दिसते : ‘जुन्या खेळण्यांपासून दागिने, किचेन, हेअरक्लिप. वयोगट सात ते बारा. घरून मोडकी खेळणी, कात्री आणि गोंद आणावा.’ मी स्वतः मोडक्या खेळण्यांचे दागिने करते आणि विकते. या कामावर माझा जीव आहे. म्हणूनच ही ओळ मुलांच्या पत्रकातून काढून टाकावी असं मला मनापासून वाटतं. सुट्टीतल्या दोन तासांत पोरांकडून उरकून घ्यायचं हे काम नव्हे. ते मोठ्या माणसाचं, कारागिराचं काम आहे आणि त्याला कारागिराचे पैसे मिळायला हवेत.

माझा हात तयार झाला तो हलव्याच्या दागिन्यांवर. मार्गशीर्ष लागला की आमच्या घरात काटेरी हलव्याचे डबे यायचे. नव्या सुनेचा तन्मणी, बाजूबंद, कंबरपट्टा, जावयाचा हार आणि घड्याळ, बोरन्हाणाच्या बाळाचा मुकुट आणि बासरी, सगळं आजी आणि आई रात्री जागून करायच्या. हलव्याच्या दाण्याला भोक पाडायला गेलं तर तो फुटतो. म्हणून प्रत्येक दाणा दोऱ्याच्या फासात अडकवून गाठ मारायची. गाठ सैल राहिली तर दाणा निसटतो, जास्त ओढली तर काटे झडतात. हाताला घाम असेल तर कामाला बसायचंच नाही. दागिना म्हटला की तो सोन्याचाच असला पाहिजे, हे मला कधीच पटलं नाही, याचं कारण हे बालपण आहे. डोहाळजेवणाला आपण फुलांचे दागिने घालतो, संक्रांतीला साखरेचे. जिन्नस काय आहे यापेक्षा तो कुणी, कशासाठी आणि किती जपून गुंफला, याला आपल्याकडे मान होता.

‘खेळणी अंगावर घालायची, हे कुठलं परदेशी खूळ?’ असं प्रदर्शनात एका बाईंनी मला विचारलं होतं. त्यांना मी कवडीची आठवण करून दिली. सारीपाटावर दान टाकायला कवड्या वापरायचे आणि तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यात माळही कवड्यांचीच असते. खेळातली वस्तू आणि अंगावरचा अलंकार यांच्यामध्ये आपल्या माणसांनी कधी भिंत घातली नव्हती.

आता मोडकी खेळणी येतात कुठून, ते सांगते. दिवाळीची आवराआवर निघाली की माळ्यावरची पोती खाली येतात. हात तुटलेली बाहुली, तीन चाकांची मोटार, अर्धाच उरलेला ठोकळ्यांचा संच, मागच्या वर्षी किल्ल्यावर उभा केलेला आणि पावसात रंग उडालेला प्लास्टिकचा मावळा. हे सगळं सुक्या कचऱ्याच्या बादलीत जातं. पुण्यात घरोघरचा कचरा गोळा करण्याचं काम २००८पासून प्रामुख्याने ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या महिला करतात. बाटली, पुठ्ठा, दुधाची पिशवी यांना भाव आहे, म्हणून ते वेगळं निघतं. खेळण्याचं मात्र घोडं अडतं. कारण एका लहानशा मोटारीत अंग एका प्लास्टिकचं, चाकं दुसऱ्याची, आस लोखंडाची, आत पितळी पट्ट्या, एक इवलीशी मोटर आणि कधी कधी फुटून हिरवा पडलेला सेल. हे सुटं करायचं तर पाच-सहा बारीक स्क्रू काढावे लागतात आणि हातात येणारा माल असतो मूठभर. मला कचरा देणाऱ्या ताईंनी हे एका वाक्यात सांगितलं होतं : स्क्रू काढत बसायचा वेळ कोण देणार?

म्हणून मी त्या ताईंना खेळणी सुटी करण्याचे पैसे तासावर देते, वजनावर नाही. वजनावर दिले तर त्यांची अख्खी दुपार भाजीच्या जुडीच्या भावात जाईल. दागिन्याच्या किमतीतला पहिला वाटा इथे सुरू होतो.

खेळणी सुटी झाली की पाण्याची परीक्षा. प्रत्येक तुकडा कापून, आत हवा राहणार नाही असा करून, आधी साध्या पाण्यात आणि मग मिठाच्या दाट पाण्यात टाकायचा. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन साध्या पाण्यावरच तरंगतात. एबीएस आणि पॉलिस्टायरीन साध्या पाण्यात बुडतात, पण मिठाच्या पाण्यात वर येतात. पीव्हीसी बहुतेक वेळा दोन्हीकडे तळ गाठतं. भंगाराच्या धंद्यातली ही जुनी युक्ती आहे. तिला यंत्र लागत नाही, फक्त दोन बादल्या आणि खडेमीठ. कानस हातात घेण्याआधी ज्याने ही परीक्षा केली नाही, त्याने पुढचं काम करूच नये, इतकी ती मला महत्त्वाची वाटते.

कारण प्रत्येक प्लास्टिकचा स्वभाव निराळा आहे. एबीएस म्हणजे या कामातला राजा. लेगोच्या ठोकळ्याचं पेटंट १९५८चं, आणि १९६३पासून ते ठोकळे याच प्लास्टिकचे होऊ लागले. ते कडक आहे, हातगिरमिटाने त्याला नेटकं भोक पडतं, पाण्यातल्या पॉलिश पेपरवर घासत नेलं आणि शेवटी सुती फडक्याने पुसलं की काचेसारखी चमक येते. मात्र घाई चालत नाही. गिरमिट भरभर फिरवलं तर कडा तापते, प्लास्टिक वितळून पात्याला गुंडाळतं आणि भोकाभोवती कुरूप ओठ तयार होतो. पॉलिथिनचा स्वभाव याच्या अगदी उलट. त्याला साधा कुठलाही गोंद धरत नाही. शिबिरातून मुलं हौसेने जे कानातले घरी नेतात आणि दुसऱ्या दिवशी ज्यांचा हुक हातात येतो, ते बहुधा याच प्लास्टिकचे. पॉलिथिन शिवायचं, तारेने बांधायचं किंवा रिव्हेट मारायचा. चिकटवायचं कधीच नाही. फेविक्विकचाही मोह नको. तो लावला की आसपास पांढरी वाफ बसते आणि घासून आणलेली चमक जाते.

पीव्हीसीचं प्रकरण वेगळं. मऊ बाहुल्यांचे हातपाय बहुतेक करून याचे असतात. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट रसायनं मिसळलेली असतात आणि वर्षं गेली की ती हळूहळू बाहेर येतात. माळ्यावरची जुनी बाहुली हाताला चिकट लागते, ती धुळीने नव्हे, या स्रावाने. बार्बी बाजारात आली १९५९मध्ये. तिच्या सुरुवातीच्या बाहुल्यांना धातूची खरी कर्णफुलं टोचलेली होती. पुढे अनेक बाहुल्यांच्या कानांभोवती हिरवा डाग पसरला. कर्णफुलांतलं तांबं आणि पीव्हीसी यांचं आपसात पटलं नाही. बाहुल्या जमवणाऱ्यांना हा हिरवा कान चांगला ठाऊक आहे. मला त्यातून एक धडा मिळाला : पीव्हीसीच्या तुकड्यात तांब्याची किंवा पितळेची तार घालायची नाही. तार स्टीलचीच घ्यायची.

आता कोंदण. माझ्या मते या कामाची सगळी शोभा इथे आहे. प्लास्टिकच्या जवळ डाग देता येत नाही, म्हणजे ज्योतीने धातूचे जोड सांधता येत नाहीत; ज्योत लागली की संपलं. त्यामुळे चांदीचं घर आधी पूर्ण करून घ्यायचं, डाग देऊन, साफ करून, थंड करून, आणि शेवटी त्यात तो तुकडा बसवून कडा बोटाएवढ्या हत्याराने हलकेच दाबत आणायची. हिऱ्याला करतात तेच. फरक एवढाच की हिरा दाब सहन करतो, प्लास्टिकला ओरखडा पडतो आणि मग सगळं पुन्हा घासावं लागतं. कोंदणाला मागून चांदीची पाटी असली म्हणजे प्लास्टिक त्वचेला लागत नाही. ही पाटी मी सहसा सोडत नाही, तिने किंमत वाढते तरीही.

यापुढचं मी मुलांच्या आईवडिलांसाठी आणि शिबिरं घेणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाचे अँड्र्यू टर्नर यांनी घरांतून, पाळणाघरांतून आणि वापरलेल्या वस्तूंच्या दुकानांतून २०० जुनी प्लास्टिकची खेळणी तपासली. २०१८मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, ब्रोमीन अशी घातक मूलद्रव्यं त्यांना अनेक खेळण्यांत आढळली आणि लाल, पिवळ्या, काळ्या प्लास्टिकचा त्यात मोठा वाटा होता. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. उन्हातान्हात रंग पक्का राहावा म्हणून पूर्वी लाल-पिवळ्या प्लास्टिकमध्ये कॅडमियमची आणि शिशाची संयुगं घालत. काळं प्लास्टिक अनेकदा विजेच्या भंगार वस्तू वितळवून केलेलं असतं, त्यामुळे त्या वस्तूंमधली आगरोधक रसायनं खेळण्यात उतरतात. खेळणं अखंड असताना यातलं बरंचसं आतच राहतं. पण आपण ते कापतो, घासतो, भोक पाडतो, तेव्हा त्याची भुकटी होते. ती बोटांवर बसते, नखांत जाते आणि सात वर्षांच्या मुलाची बोटं तोंडात जातातच.

शिबिरात सगळ्यात सोपी म्हणून जी पद्धत शिकवतात ती मेणबत्तीवर सुई तापवून भोक पाडण्याची. पीव्हीसी तापलं की हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो, डोळे आणि घसा चुरचुरतो. एबीएसमधून स्टायरीनची वाफ येते. वीस मुलं, वीस मेणबत्त्या आणि पंखा बंद, कारण पंख्याने मेणबत्त्या विझतात. मी घरी काम करते ती खिडकीशी बसून, तोंडावर मास्क लावून, भुकटी उडू नये म्हणून पाण्यात घासत. मुलांना हे कोण करून देणार?

आपल्याकडे खेळण्यांच्या दर्जाबद्दल केंद्राचा आदेश निघाला २०२०मध्ये. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं ते १ जानेवारी २०२१पासून. म्हणजे आज मोडकं म्हणून माळ्यावरून निघणारं बहुतेक खेळणं त्याच्या आधीचं आहे. दुसरी गोष्ट याहून गंभीर. तो आदेश खेळण्यासाठी असलेल्या वस्तूंचा आहे. त्याच खेळण्याचा तुकडा कापून कानात घातला की ते खेळणं उरत नाही, तो दागिना होतो. जी तपासणी खेळण्याच्या वाट्याला येते, ती त्या दागिन्याच्या वाट्याला येत नाही. त्यामुळे तुकडा कुठे वापरायचा आणि कुठे नाही, हे ठरवणं पूर्णपणे करणाऱ्याच्या हातात येतं. ही जबाबदारी मी लहान मानत नाही.

एका आजींनी मुलाच्या लहानपणीच्या लोखंडी मोटारी जपून ठेवल्या होत्या. नातवाच्या बोरन्हाणाला त्यांचा हार करून द्या म्हणाल्या. किती प्रेमाने आणल्या होत्या त्यांनी, एकेक मोटार जुन्या रुमालात बांधलेली. मी नाही म्हटलं. बाळ हार चोखणार, रंगाचे पोपडे निघणार, चाक सुटलं तर घशात अडकणार. बाळासाठी हलव्याचेच दागिने केले. आणि त्यांतल्या एका मोटारीची चार चाकं काढून चांदीच्या पट्टीवर आजींसाठी साडीपिन केली. चाकं अजून फिरतात. मुलाचं बालपण आजींच्या खांद्यावर आलं, नातवाच्या तोंडात गेलं नाही. या कामाची जागा मला तरी इथेच दिसते, मोठ्यांच्या अंगावर. त्या आठवणी मोठ्यांच्याच असतात. सहा वर्षांच्या मुलाला मोडक्या बाहुलीची ओढ नसते, त्याला पुढची बाहुली हवी असते. ती ओढ लागते चाळिशीला.

मग मुलांनी हाताने काही करायचंच नाही का? भरपूर करायचं. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करून दाखवली. २०१८मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, वर्तमानपत्राचा कागद, यांतून त्यांनी मुलांना भूमिती आणि विज्ञान दिलं. त्या साहित्यात तापवायचं किंवा घासून भुकटी करायचं फारसं काही नसतं आणि वस्तू का चालते हे मुलाला कळतं. शिबिरांनी त्यांची वाट धरावी. मोडकी मोटार मुलाला द्यायचीच असेल तर एक स्क्रूड्रायव्हर द्या आणि सेल आधी काढून ठेवा. आतलं चक्र कुठल्या चक्राला फिरवतं ते त्याला शोधू दे. कापाकापी नको.

आता पैशांचं बोलते, कारण यावर आपल्याकडे फार संकोचाने बोलतात. संक्रांतीच्या आधीच्या प्रदर्शनात माझ्या एकाच टेबलावर दोन्ही प्रकार असतात. हलव्याचा पूर्ण संच लोक घासाघीस न करता नेतात. एक दिवस घालायचा, फोटो काढायचे, मग पुढे मुंग्यांची काळजी. तरी किमतीवर कुणी शब्द काढत नाही, कारण घरातल्या कुणाला तरी रात्री जागून तो करताना त्यांनी पाहिलेलं असतं. शेजारी ठेवलेले एबीएसचे, चांदीच्या कोंदणातले, वर्षानुवर्षं टिकणारे कानातले हातात घेतात, उलटून बघतात आणि म्हणतात, ‘मोडक्या खेळण्याचे एवढे पैसे?’ मेहनतीचा हिशेब दोन्हीकडे सारखाच आहे. खेळण्याच्या दागिन्यात तर खेळणं सुटं करणाऱ्या ताईंची दुपार आहे, धुणं-निवडणं आहे, तुटणारी करवतीची पाती आहेत, चांदी आहे. प्लास्टिक फुकट आलं म्हणून हात फुकट येत नाहीत.

बाहेर याच कामाला कलेचा दर्जा मिळालेला आहे. अमेरिकेतल्या मार्गो लँग बार्बीच्या मोडक्या अवयवांना चांदीत बसवून दागिने घडवतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या एमिको ओये यांनी लेगोच्या तुकड्यांतून राजघराण्यांच्या रत्नहारांच्या धर्तीवर हार केले. त्यांची नक्कल करा असं मी म्हणत नाही. आमच्याकडे ठुशी आहे, चिंचपेटी आहे, बुगडी आहे. चिंचपेटीच्या एकसारख्या चौकटी बघा आणि ठोकळ्याचे एकसारखे तुकडे बघा. तो आकार जणू त्यासाठीच केलेला आहे. मला हवा आहे तो त्या दोघींच्या कामाकडे बघण्याचा गंभीरपणा.

आणि एक स्पष्ट सांगायलाच हवं. हे दागिने विकत घेऊन कुणी कचऱ्याचा डोंगर कमी करत नाही. एका मोटारीतून माझ्या कामाला चार चाकं आणि नखाएवढे दोन तुकडे मिळतात, बाकीचं पुन्हा पोत्यात जातं. पर्यावरण वाचवण्याच्या नावाखाली हे विकणं मला मान्य नाही. त्याहून अमान्य आहे ते दागिन्यांसाठी नवे कोरे संच विकत घेऊन फोडणं आणि वर ‘पुनर्वापर’ असं लिहिणं. एबीएस किती चिवट असतं ते याच टर्नर यांनी लेगोच्या ठोकळ्यांवर २०२०मध्ये मांडलं : समुद्रात पडलेला ठोकळा झिजून संपायला १०० ते १३०० वर्षं लागू शकतात. इतकं टिकणारं काही आपण मुलाच्या दोन वर्षांच्या खेळासाठी घेत असू तर कमी घ्यावं, चांगलं घ्यावं, दुरुस्त करावं. दागिना त्यानंतर येतो.

दिवाळीची आवराआवर पुन्हा येईलच. धड असलेलं, आयएसआय चिन्हाचं खेळणं कापायला देऊ नका, जवळच्या अंगणवाडीला विचारून तिथे द्या. मोडक्या खेळण्यातले सेल काढून ई-कचऱ्यात द्या. चिकट झालेल्या बाहुल्या आणि रंगाचे पोपडे निघणारी खेळणी वेगळ्या पिशवीत बांधून कचऱ्यात टाका आणि सोसायटीच्या मागे कुणी ती जाळत असेल तर अडवा. उरलेलं कडक, न रंगवलेलं प्लास्टिक तुमच्या गावातल्या एखाद्या करणाऱ्या बाईला द्या. आणि तिच्याकडून दागिना घेताना विचारा : हे प्लास्टिक कुठलं, खेळणं साधारण कधीचं, हुक कशाचा, मागे पाटी आहे का. तिला उत्तर देता आलं नाही तर घेऊ नका. देता आलं, तर तिने सांगितलेली किंमत द्या.